चरबीची बाजू

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी २००४ मध्ये एक फोटो छापून आला होता. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) दशांशापर्यंत सारखा, २२.३. म्हणजे कुठल्याही तक्त्यात दोघंही 'नॉर्मल'. पण डेक्सा स्कॅनवर अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सोबतच्या मजकुरात दोघांनी स्वतःची मजेत उलटतपासणीही घेतली आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते धावत गाठणं. जन्माच्या वेळी आपलं वजन कमी होतं, हेही याज्ञिकांनी तिथे नोंदवून ठेवलं आहे. आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव पडलं.

हा फोटो पाहून मला आमचे धाकटे काका आठवले. पाच फूट सात इंच, वजन ६४ किलो, सडसडीत. चाळिशीच्या आतच शुगर निघाली. "ह्यांच्या अंगाला काही लागतच नाही," ही काकूची लग्नापासूनची तक्रार. त्यामुळे लॅबचा कागद हातात घेऊन तिनं पहिली शंका काढली ती लॅबवरच. उलट आमची थोरली आत्या. गोठ-पाटल्या मनगटात रुतलेल्या, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबणारी, आणि सत्तरी उलटेपर्यंत शुगर नॉर्मल. लग्नकार्यात वाढपी काकांच्या पानात आग्रहानं जिलबी टाकायचे आणि आत्याच्या पानापाशी आले की हात आखडायचे. आत्या ते बघायची. काही बोलायची नाही, पण बघायची.

वजन डोळ्यांनी मोजायची आपली सवय फार जुनी आहे, आणि त्या मोजण्यात न्यायनिवाडाही आपसूक येतो. जाड माणूस म्हणजे जिभेवर ताबा नसलेला. त्याला आजार झाला तर 'होणारच होता'. बारीक माणसाला झाला तर दैव. चरबी नावाच्या अवयवाबद्दल मी जसजशी वाचत गेले तसतसा या निवाड्यावरचा माझा विश्वास उडत गेला. इथे मी जरा चरबीची बाजू घेणार आहे.

काकांना तपासणीला नेण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असतं. सकाळी साडेसातची वेळ. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं की मंडळी पिशव्यांतून डबे काढतात. कुणाचे पोहे, कुणाचा उपमा, एखादे आजोबा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली पोळी-भाजी खातात. मग दोन तासांनी पुन्हा सुई. या मधल्या वेळात अनोळखी माणसं एकमेकांना आपले आकडे सांगतात, आणि त्या बाकड्यांवर एक प्रश्न हमखास निघतो. "रात्री एक ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. मग सकाळी शुगर १४८ आली कुठून?"

ती येते यकृताकडून. आपण झोपतो तेव्हा मेंदूला साखर पुरवत राहण्यासाठी यकृत रात्रभर साखर तयार करून रक्तात सोडत असतं. त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं. इन्सुलिन आहे, कधी कधी नेहमीपेक्षा जास्तच आहे, पण यकृत त्याला दाद देत नाही; स्नायूही देत नाहीत. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आता यकृत असं निगरगट्ट का होतं, या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण पोटाच्या चरबीपाशी येऊन पोचतो.

चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फार साधी दिसते. आत तेलाचा एकच मोठा थेंब, बाकीचा सगळा ऐवज त्या थेंबाभोवती पातळ पापुद्र्यासारखा ताणलेला, आणि केंद्रक एका कडेला चेपून बसलेलं. इतकी वर्षं हिला निव्वळ साठवणीची जागा समजत आले. १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिनचा जनुक शोधला. हे संप्रेरक चरबीतून निघून मेंदूला चरबीच्या साठ्याची खबर देतं. तेव्हापासून चरबीला अवयव म्हणून मान मिळू लागला. त्याच्या एकच वर्ष आधी, १९९३ मध्ये, बॉस्टनला ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत गोखान होतामिश्लिगिल या तुर्कस्तानातून आलेल्या तरुण संशोधकाला लठ्ठ उंदरांच्या चरबीत एक अनपेक्षित पाहुणा सापडला होता. टीएनएफ-अल्फा. हा पदार्थ तोवर माहीत होता तो जंतुसंसर्गात आणि कॅन्सरमध्ये शरीर खंगवणारा म्हणून. जो माणसाला सुकवतो तो लठ्ठ उंदरांच्या चरबीत काय करतोय? त्यांनी तो निकामी करून पाहिला, आणि त्या उंदरांमध्ये इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागलं.

टीएनएफ हा दाहाचा निरोप्या. आणि दाह म्हटलं की लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. चरबीतला दाह यांपैकी काहीच करत नाही. तो मंद असतो, वर्षानुवर्षं चालतो, आणि ज्याच्या पोटात चालू असतो त्याला त्याचा पत्ता नसतो. २००३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच नियतकालिकात दाखवून दिलं की लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत मॅक्रोफेज पेशींची गर्दी झालेली असते. मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या भक्षक पेशी, मेलेलं आणि परकं गिळून टाकणाऱ्या. सडपातळ शरीराच्या चरबीत त्या थोड्याच असतात, अतिलठ्ठ शरीरात मात्र चरबीतल्या पेशींचा मोठा हिस्सा त्यांचाच होतो. त्या तिथे का जमतात, याचं एक उत्तर इटलीतल्या अँकोनाच्या सावेरियो चिंती यांच्या गटानं २००५ मध्ये दिलं. फुगत गेलेली चरबीची पेशी एका मर्यादेनंतर मरते. तिचा तेलाचा थेंब मागे उरतो, आणि तो इतका मोठा असतो की एकट्या मॅक्रोफेजला गिळता येत नाही. मग पाच-दहा जणी मिळून त्याच्याभोवती कडं करतात. सूक्ष्मदर्शकाखाली या कड्याचा आकार पाहून त्याला 'मुकुट' असं नाव दिलं गेलं. लठ्ठ चरबीतल्या मॅक्रोफेजपैकी ९० टक्क्यांहून जास्त अशा मेलेल्या पेशींभोवतीच सापडल्या.

या कड्यांतून टीएनएफसारखे निरोपे पदार्थ पाझरतात आणि आजूबाजूच्या जिवंत चरबीपेशींवर जाऊन पोचतात. इन्सुलिन पेशीच्या दाराशी आलं की आत आयआरएस-वन नावाच्या प्रथिनावर एका विशिष्ट जागी फॉस्फेट लागतो आणि पुढची साखळी सुरू होते. दाहाचे निरोप त्याच प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट लावतात. झालं, इन्सुलिनचा शब्द दारातच अडकतो. चरबीपेशीच्या बाबतीत हे फार महागात पडतं, कारण तिला इन्सुलिनचा मुख्य आदेश असतो 'साठव, सोडू नको'. तो ऐकू आला नाही की साठवलेली चरबी मेदाम्लांच्या रूपात रक्तात सुटते. ती कुठेतरी जाणारच. यकृतात जाते, स्नायूंत जाते, स्वादुपिंडात जाते. घरातली कणगी फुटली की धान्याची पोती माजघरात, देवघरात, जिन्याखाली, सापडेल तिथे रचावी लागतात आणि घरात वावरणं मुश्कील होतं, तसं. यकृतात असं तेल साचलं की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. बाकड्यावरच्या १४८ ची गोष्ट ही अशी सुरू झालेली असते, भाकरीच्या कितीतरी आधी.

गंमत म्हणजे दाह आणि साखर यांचं नातं वैद्यकाच्या हाती त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी लागलं होतं आणि निसटलं होतं. १८७६ साली जर्मनीत विल्हेल्म एब्स्टाइन यांनी मधुमेहींना सोडियम सॅलिसिलेटचे मोठे डोस दिले आणि त्यांच्या लघवीतली साखर उतरलेली पाहिली. सॅलिसिलेट म्हणजे अॅस्पिरिनची मावशी. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यमसन यांनी तेच पुन्हा पाहिलं. १९५७ मध्ये ग्लासगोत पुन्हा तेच: इन्सुलिनवर असलेल्या एका रुग्णाला सांधेदुखीसाठी भरपूर अॅस्पिरिन दिलं, तर त्याला इन्सुलिनची गरजच पडेना. का, ते कुणाला सांगता आलं नाही. पुढे २००१ मध्ये हार्वर्डशी संबंधित जॉस्लिन केंद्रातल्या स्टीव्हन शोल्सन यांच्या गटानं उलगडा केला की सॅलिसिलेटचा मोठा डोस पेशीतला दाहाचा एक मुख्य खटका, आयकेके-बीटा, बंद करून ठेवतो.

इथवर आलं की गोष्ट अगदी जुळून येते. चरबी फुगते, पेशी मरतात, दाह होतो, इन्सुलिन अडतं. तर दाह थांबवा, मधुमेह थांबेल. वाचताना मलाही तसंच वाटत होतं. उंदीर मात्र माणसांपेक्षा फार आज्ञाधारक असतात.

माणसांत हे करून पाहिलं गेलं. १९९६ मध्ये लठ्ठ मधुमेहींना टीएनएफविरुद्धची अँटिबॉडी टोचली, इन्सुलिनच्या कामात काहीच फरक पडला नाही. सॅलिसिलेटचाच एक सौम्य भाऊ, साल्सालेट, ४८ आठवडे देऊन पाहिला. २०१३ च्या निष्कर्षांत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा) जेमतेम ०.३७ टक्क्यानं उतरलेलं, आणि बदल्यात वाईट कोलेस्टेरॉल व लघवीतलं प्रथिन थोडं वाढलेलं. २०१७ च्या मोठ्या चाचणीत दहा हजारांहून जास्त हृदयरुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना कॅनाकिनुमॅब हे दाहाचा एक रस्ता बंद करणारं महागडं इंजेक्शन दिलं होतं. रक्तातली दाहाची खूण, सीआरपी, छान खाली आली, हार्ट अॅटॅकही काही प्रमाणात कमी झाले, पण नव्यानं मधुमेह होणाऱ्यांची संख्या काही घटली नाही.

मग चरबीच काढून टाकली तर? सेंट लुईसच्या सॅम्युएल क्लाइन यांनी हा सरळसोट प्रयोग केला. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी लायपोसक्शननं ओढून काढली, प्रत्येकीची सरासरी नऊ-दहा किलो. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर इन्सुलिनचं काम होतं तिथेच, दाहाच्या खुणा होत्या तिथेच. नऊ-दहा किलो! सौंदर्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी हा निबंध भिंतीवर लावायला हरकत नाही.

याहून मोठा धक्का उलट बाजूनं येतो. काही माणसं जन्मतःच जवळजवळ चरबीशिवाय असतात. लायपोडिस्ट्रॉफी हा अत्यंत दुर्मीळ आजार. शिरा आणि स्नायू कातडीखाली कोरल्यासारखे दिसतात, पोटावर चिमूटभर चरबी नाही. आपल्या डोळ्यांच्या हिशेबानं या मंडळींना मधुमेह शिवायलाही नको. प्रत्यक्षात त्यांचा इन्सुलिन रेझिस्टन्स भयंकर असतो, यकृत तेलानं भरलेलं असतं, कारण साठवायला दुसरी जागाच नाही. असेच चरबीविना जन्मलेले उंदीर तयार करून २००० साली त्यांच्या कातडीखाली निरोगी चरबी कलम करून पाहिली, तर त्यांचा मधुमेह पळाला. चरबी घातली आणि साखर उतरली.

पायोग्लिटाझोन ही आपल्याकडची परिचित गोळी (२०१३ च्या जूनमध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली आणि महिन्या-दीड महिन्यात इशाऱ्यासह उठवली, ती) नेमकं हेच करते. ती कातडीखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार करवते. वजन थोडं वाढतं, आणि इन्सुलिन पहिल्यापेक्षा चांगलं चालतं. ज्यांना 'वजन वाढतंय म्हणजे गोळी लागू पडत नाही' असं वाटतं त्यांना हे समजावणं महाकठीण, काकूवर मी प्रयोग करून झालेला आहे.

आणि २०१४ मध्ये डॅलसच्या फिलिप शेरर यांच्या गटानं दाहाबद्दलचा आपला रागही थोडा निवळवला. त्यांनी असे उंदीर बनवले ज्यांच्या चरबीत दाह फारसा उठू शकत नव्हता. या उंदरांची तब्येत सुधारायला हवी होती, ती बिघडली. चरबीला नीट वाढता येईना, आणि जास्तीचं तेल यकृतात गेलं. नव्या रक्तवाहिन्या आणायच्या, जुनं तोडून जागा करायची, या सगळ्यासाठी थोडा दाह लागतोच. म्हणजे मेलेल्या पेशीभोवती जमलेल्या त्या मॅक्रोफेज आग लावायला आलेल्या नसून आवराआवर करायला आलेल्या असतात. काम संपत नाही म्हणून ठाण मांडून बसतात आणि मग त्यांचाच त्रास सुरू होतो. दाह कारण की परिणाम, यावर अजून वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर तो दोन्ही आहे, आणि मूळ अडचण जागेची आहे.

जागेचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांनी २००८ मध्ये चरबीपेशींचं वय मोजलं तेही विलक्षण रीतीनं. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला, आणि तो त्या त्या काळी जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत नोंदला गेला. त्यावरून कळलं की चरबीपेशींची संख्या लहानपणी आणि पौगंडात ठरते, मोठेपणी साधारण तेवढीच राहते. दर वर्षी दहा टक्के पेशी मरतात, तितक्याच नव्या येतात. वजन उतरवलं तरी संख्या घटत नाही, पेशी फक्त रोडावतात. आत्याकडे बहुधा पेशी भरपूर असाव्यात, कातडीखाली, मांड्यांत, दंडांत. काकांकडे मुळातच थोड्या. त्यांच्या थोड्याशा पेशी लवकर टम्म फुगल्या आणि पुढचं सगळं तेल आत, आतड्यांभोवती आणि यकृतात गेलं. बाहेरून सडसडीत, आतून गच्च.

हे आपल्याकडे इतकं का दिसतं, याचा एक धागा पुन्हा याज्ञिकांकडेच जातो. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा त्यांनी अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळाचे स्नायू, पोटातले अवयव, सगळं लहान. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची चिमटीत येणारी चरबी मात्र वजनाच्या मानानं टिकून राहिलेली. 'थिन-फॅट बेबी' हा शब्द तिथला. आईच्या पोटात कमी मिळालं तेव्हा बाळानं स्नायूंत काटकसर केली, चरबीत केली नाही. पुढे त्यांच्याच गटानं गावातले, झोपडपट्टीतले आणि पुण्यातल्या मध्यमवर्गातले पुरुष शेजारी ठेवून पाहिले, तर अंगातली चरबी आणि तिच्याबरोबर दाहाच्या रक्तातल्या खुणा शहराच्या दिशेनं चढत गेलेल्या. देशभराच्या पाहणीतून २०२३ मध्ये आलेला आकडा आहे १० कोटी १० लाख मधुमेही. हे सगळे जिभेचे लाड करणारे असतील यावर माझा विश्वास नाही.

सध्या 'अँटी-इन्फ्लेमेटरी' हा शब्द बाजारात चलनी नाणं झाला आहे. हळदीच्या कॅप्सूल, आल्याचे शॉट, काळ्या मिऱ्यांसह अमुक आणि जवसासह तमुक. हळदीशी माझं भांडण नाही, फोडणीत ती असतेच. पण दहा हजार माणसांवर तपासलेल्या इंजेक्शनला जे जमलं नाही ते चमचाभर पुडीनं होईल असं सांगून कुणी हजार-बाराशेची बाटली विकत असेल, तर आपण निदान भुवई तरी उंचवावी. जागा मोकळी केल्याशिवाय आवराआवर करणारे निघून जात नाहीत.

जागा मोकळी होते, हे न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी दाखवलं. २०११ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात रोज ६०० कॅलरींवर ठेवलेल्या मधुमेहींच्या यकृतातलं तेल झपाट्यानं उतरलं आणि उपाशीपोटीची साखर सातच दिवसांत नॉर्मलला आली. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा स्वतःची असते, तक्त्यातली नव्हे. ती ओलांडली की आजार, मग वजन १०० असो की ६४. हे तपासायला त्यांनी २० अशी माणसं घेतली ज्यांना मधुमेह होता पण बीएमआय २७ च्या आत होता, आणि त्यांना टप्प्याटप्प्यानं आणखी बारीक केलं. २० पैकी १४ जणांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात आला.

काकांच्या डॉक्टरांनी टेप काढून बेंबीच्या रेषेत गुंडाळला. काकांनी, सगळे पुरुष करतात तसा, श्वास आत ओढला. "सोडा," डॉक्टर म्हणाले. ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० वर आहे. चार-पाच किलो उतरवा, असं त्यांनी सांगितल्यावर काकू उसळलीच. "ह्यांच्या अंगावर आहे काय उतरवायला? चौसष्ट किलोच्या माणसाला बारीक हो म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदा बघतेय मी."

वर्षभर ओढाताण चालली. रात्रीचा भात गेला, संध्याकाळचं फरसाण गेलं, जेवणानंतर शतपावली आली आणि आठवड्यातून काही दिवस रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम, कारण स्नायू हालले की इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत घेतात. काका आता साठच्या थोडे खाली आहेत, दोन गोळ्यांची एक झाली आहे आणि डॉक्टर तीही कमी करायचं बघताहेत. पॅन्ट्स मात्र सगळ्या टेलरकडे द्याव्या लागल्या. सोसायटीत भेटेल तो विचारतो, "काय हो, तब्येत बरी नाही का?" काका हसून पुढे जातात. काकू थांबते आणि यकृतापासून सुरुवात करून सगळं सांगते. रॉय टेलरांचं नाव तिच्या लक्षात राहत नाही, "तो इंग्लंडचा डॉक्टर" म्हणते, आणि ऐकणाऱ्याच्या पोटाकडे बघत त्याला टेप आणायला सांगते.